न भरणारी जखम: तपासणीला किती, उपचाराला किती?

तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर आता गावोगावी माहीत आहे. चामडीलाही कॅन्सर होतो, हे मात्र अनेकांना नागपूरच्या दवाखान्यात पोचल्यावर कळते. तोवर जखमेवर वर्षभर मलमे लावून झालेली असतात, जडीबुटी झालेली असते, दोन-तीन खासगी डॉक्टर पालथे घातलेले असतात आणि घरातला पैसा संपत आलेला असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा, कोरची, वडसा, आरमोरी, धानोरा या पट्ट्यातल्या कुटुंबांना आधीच हिशेब करता यावा, म्हणून हे मार्गदर्शन.

मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या आजारात सगळ्यात महाग पडतो तो उशीर. आणि मोफत उपचार, योजना, प्रवासाची सवलत यांपैकी जवळजवळ प्रत्येक दार एकाच कागदाने उघडते: बायोप्सीचा, म्हणजे तुकडा तपासल्याचा रिपोर्ट. म्हणून पहिला रुपया मलमावर घालू नका, त्या तपासणीवर घाला.

कोणती जखम दाखवायची?

त्वचेच्या कॅन्सरचे तीन प्रकार नेहमी भेटतात. बेसल सेल हा बहुधा चेहऱ्यावर, नाकाजवळ, पापणीजवळ होतो. तो हळू वाढतो, पण आजूबाजूचे मांस खात जातो. स्क्वॅमस सेल हा जुन्या जखमेत, भाजल्याच्या व्रणात किंवा सतत घासल्या जाणाऱ्या जागी उद्‌भवतो आणि पुढे जांघेच्या, काखेच्या गाठींत पसरू शकतो. तिसरा मेलानोमा. तो सर्वांत घातक. आपल्या सावळ्या लोकांत तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळ्या डागाच्या रूपात येतो.

आपल्या भागाने विशेष लक्ष द्यावे अशा जागा या:

- चार आठवडे होऊनही न भरलेली, कडा जाड झालेली, हात लागताच रक्त येणारी जखम.
- भाजल्याच्या जुन्या व्रणावर नव्याने उठलेला फोड, फुगवटा किंवा घाण वास येणारा चट्टा.
- कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायाची वर्षानुवर्षांची जखम, जी अचानक फुलकोबीसारखी वाढू लागते. गडचिरोली आणि चंद्रपूर हे कुष्ठरोगाचे जुने जिल्हे आहेत, त्यामुळे हे लक्षण इथल्या प्रत्येक घराला माहीत हवे.
- तळपायाचा काळा डाग जो पसरतो, ज्याचा रंग सारखा नाही, कडा वाकड्यातिकड्या आहेत. नखात उभी काळी रेघ येऊन ती रुंद होत असेल तर तीही.
- कमरेवर नाड्याच्या जागी पडलेला काळा-पांढरा, खवलेदार पट्टा आणि त्यात झालेली जखम.

हा शेवटचा मुद्दा विदर्भातल्या बायांनी नीट वाचावा. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतर घट्ट नेसल्याने कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या स्त्रियांत परकराच्या नाड्याखाली होणारा तसाच कॅन्सर नोंदवला. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील डॉक्टरांनी मिळून अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकीला परकराच्या नाड्याखाली दीड वर्षापासून जखम होती. दुसरी अनेक दशके लुगडे कमरेला घट्ट आवळून नेसत आली होती. तिची जखम दोन वर्षांची होती आणि कॅन्सर जांघेच्या गाठीत पोचला होता. लुगडे किंवा साडी सोडण्याची गरज नाही. नाड्याऐवजी रुंद पट्टा लावा, गाठीची जागा बदलत राहा, आणि तिथली चामडी खवलेदार झाली तर नाडा सैल करून डॉक्टरला दाखवा. या प्रतिबंधाला एक पैसा लागत नाही.

आणखी एक इशारा कोरचीच्या पलीकडून येतो. छत्तीसगडमधल्या अंबागड चौकी भागात कौडीकसा आणि आसपासच्या गावांच्या भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. पिण्याच्या पाण्यात प्रति लिटर १० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा मानली जाते. वर्षानुवर्षे त्याहून जास्त आर्सेनिक पोटात गेले तर तळहात-तळपायावर टणक दाणे येतात, अंगावर काळे-पांढरे ठिपके पडतात आणि त्यातून त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. तिकडे माहेर, सासर किंवा बरीच वर्षे मजुरी झालेल्या माणसाने असे दाणे दिसताच डॉक्टरला ही पार्श्वभूमी सांगावी. न विचारताही सांगावी.

तपासणीला किती लागतात?

पहिली पायरी घराजवळची ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, कुरखेड्याचे उपजिल्हा रुग्णालय इथे तुमचा खर्च शून्य. तिथून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या. ती हातात असली की पुढे रांगेत आणि योजनेत दोन्हीकडे उपयोगी पडते. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाखाली येतात. तिथे केसपेपर आणि काही तपासण्यांना थोडी फी लागते, म्हणून पिवळे रेशनकार्ड असेल तर खिडकीवरच दाखवून सवलत विचारा.

बायोप्सी म्हणजे नेमके काय, ते कळले की भीती कमी होते. जागा सुन्न करायला छोटे इंजेक्शन देतात. मग तीन-चार मिलिमीटरची गोल धारदार नळी फिरवून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. एखादा टाका पडतो, दहा-पंधरा मिनिटांत माणूस उठून बसतो. सुई किंवा पाते लागल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत खोटी आहे. या समजुतीपायी अनेकांनी बरा होणारा आजार हाताबाहेर जाऊ दिला.

खासगीत आज साधारण असे दर पडतात. शहराप्रमाणे आणि दवाखान्याप्रमाणे यात फरक होतो, म्हणून आधी विचारून घ्या:

- त्वचारोगतज्ज्ञाची फी: ५०० ते १,००० रुपये.
- तुकडा काढणे आणि त्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी मिळून: २,००० ते ५,००० रुपये.
- निदान पक्के होत नसेल तर विशेष रंगचाचण्या: प्रत्येक चाचणीला हजार-दीड हजार रुपये.
- गाठीची सोनोग्राफी: हजार ते दोन हजार रुपये.
- सीटी स्कॅन: ३,००० ते ६,००० रुपये.
- पेट-सीटी स्कॅन: १२,००० ते २०,००० रुपये.

यादीतल्या शेवटच्या आकड्यावर थांबून विचार करा. चेहऱ्यावरच्या लहान बेसल सेलला पेट-सीटीची गरज सहसा नसते. मोठा स्क्वॅमस सेल, जांघेत लागणारी गाठ किंवा खोल गेलेला मेलानोमा असेल तर मोठे स्कॅन लागतात. कोणी बायोप्सीआधीच पेट-सीटी लिहून दिला तर “या स्कॅनने उपचारात काय बदलेल?” असे सरळ विचारा. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तुकडा काढल्यावर तीन गोष्टी डोळ्यांनी पाहा. तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला आहे ना? द्रव तुकड्याच्या दहापट आहे ना? आणि बाटलीवर नाव, तारीख, शरीराची जागा लिहिली आहे ना? साध्या सलाइनमध्ये किंवा कोरड्या कापसात ठेवलेला तुकडा नागपूरला पोचेपर्यंत सडतो आणि सगळा खर्च नि त्रास पुन्हा सोसावा लागतो. रिपोर्ट आल्यावर मेणातला ठोकळा आणि काचपट्ट्याही मागून घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारखे मोठे रुग्णालय त्या पुन्हा तपासते. त्या जवळ असल्या की बहुधा दुसरी बायोप्सी वाचते.

उपचाराला किती लागतात?

लवकर सापडलेल्या बेसल सेल आणि स्क्वॅमस सेलमध्ये शस्त्रक्रियेने १० पैकी ९ हून अधिक रुग्ण बरे होतात. कमी जोखमीची गाठ असेल तर भोवतीची चार ते सहा मिलिमीटर निरोगी चामडी घेऊन ती काढतात. जागा सुन्न करून हे काम होते, पुष्कळदा त्याच दिवशी घरी सोडतात. खासगीत याचे साधारण १५,००० ते ५०,००० रुपये होतात. जखम मोठी असेल, मांडीची चामडी लावावी लागत असेल किंवा शेजारचे मांस फिरवून नाक-गाल भरावा लागत असेल तर खर्च ५० हजारांपासून दीड लाखापर्यंत जातो. जांघेच्या गाठी काढाव्या लागल्या तर त्याहून पुढे. आता उशिराची किंमत दिसते: तोच आजार, तोच माणूस, पण खर्च दहापटीपर्यंत.

शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये “कडा मोकळ्या” आहेत का, ते वाचून घ्या. मेलानोमा असेल तर त्याची खोली मिलिमीटरमध्ये लिहिलेली हवी, कारण पुढचा सगळा उपचार त्या आकड्यावर ठरतो. नाक, पापणी, कान अशा जागी एकेक थर काढून लगेच तपासण्याची मोह्‌स नावाची पद्धत आहे. ती मोजक्याच ठिकाणी मिळते आणि महाग पडते. ती उपलब्ध नसेल तर तुकडा लगेच गोठवून तपासण्याची सोय आहे का, ते विचारा.

अगदी वरवरच्या चट्ट्यांवर फ्लुरोयुरॅसिल किंवा इमिक्विमॉड ही मलमे, किंवा गोठवून जाळणे हा उपाय चालतो. मलमाची नळी काही शे रुपयांत येते. पण निदान पक्के झाल्यावर आणि तज्ज्ञाने सांगितल्यावरच. दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका.

रेडिएशन म्हणजे शेक. तो खासगीत एक ते अडीच लाखांपर्यंत जातो आणि बहुधा आठवड्यातले पाच दिवस असा चार ते सहा आठवडे चालतो. खूप वय झालेल्या रुग्णाला थोड्या दिवसांचा, मोठ्या मात्रेचा शेक देता येईल का, हे जरूर विचारा. दिवस कमी झाले की मुक्कामाचा खर्चही तितकाच कमी होतो.

योजना: कोणते पैसे सरकार भरते?

आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाणारी योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. आता ती आयुष्मान भारतशी जोडली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि पांढरे रेशनकार्ड असलेलेही त्यात येतात. ७० वर्षांवरील ज्येष्ठांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड स्वतंत्रपणे काढता येते.

कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमोथेरपी आणि रेडिएशन योजनेत आहेत. अंगीकृत रुग्णालयात खाट, औषधे, तपासण्या, जेवण हे पॅकेजमध्येच धरलेले असते. घरी सोडताना एका वेळच्या परतीच्या प्रवासाचे एसटी किंवा रेल्वेचे भाडे मिळण्याचीही तरतूद आहे. ती लोक मागत नाहीत. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आठवण करून द्या.

इथेच तुकड्याच्या रिपोर्टचे महत्त्व. कॅन्सरच्या पॅकेजला मंजुरी घेताना तो रिपोर्ट जोडावा लागतो. तो नसेल तर रुग्णालय इच्छा असूनही अर्ज पाठवू शकत नाही, आणि भरती होण्याआधीच्या बाह्यरुग्ण तपासण्यांचा खर्च बरेचदा आपल्या खिशातून जातो. म्हणून बायोप्सी शक्यतो सरकारी रुग्णालयातच करून घ्या.

रुग्णालय योजनेत आहे का आणि त्यात कॅन्सरचा उपचार होतो का, हे निघण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर विचारा. पॅकेजमधल्या गोष्टीसाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि याच क्रमांकावर तक्रार करा.

पाच लाख पुरले नाहीत किंवा उपचार योजनेत बसला नाही, तर आणखी दोन वाटा आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. दुसरी वाट मुख्यमंत्री सहाय्यता निधीची. अर्जासोबत रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. उपचार संपल्यावर अर्ज करण्यात अर्थ नाही, आधीच करा.

जायचे कुठे?

नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल, मेयो, मिहानमधले एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. वर्ध्याकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे. चंद्रपुरात टाटा ट्रस्टच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे. कोणत्या सेवा सुरू आहेत ते फोनवर विचारून मगच निघा. साध्या बेसल सेलसाठी मुंबई गाठू नका. मेलानोमा, परत उलटलेला आजार किंवा डोळ्या-नाकाजवळची अवघड गाठ असेल तर परळच्या टाटा मेमोरियलचा सल्ला घेणे योग्य. तिथे सामान्य वर्गात नाव नोंदवले तर दर बरेच कमी पडतात.

प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी

घराचे कंबरडे मोडते ते या खर्चाने, आणि हा कोणत्याच पॅकेजमध्ये पूर्ण येत नाही. एसटीत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. सोबतच्या बाईला महिला म्हणून ५० टक्के, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठाला ५० टक्के, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठाला प्रवास मोफत. रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीमध्ये तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवरच काढावे लागते. मुंबईला जाताना गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस सोयीची. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन कॅन्सरच्या रुग्णांना अल्प दरात राहायला देतात. जागा मर्यादित असते, टाटाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घेऊन जा.

मजुरीचा हिशेबही मांडा. रोवणी, धान कापणी, मोहफुले आणि तेंदूपत्ता या दिवसांत घरातली दोन माणसे बाहेर राहिली तर वर्षाची कमाई हलते. म्हणून अनेक जण “तेंदू झाला की जाऊ” म्हणतात. शेकाचे वेळापत्रक आठवडाभर मागेपुढे होते का, ते डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. पण बायोप्सी हंगामासाठी थांबवू नका. ती एका दिवसाचे काम आहे.

नवी औषधे: काय मागावे, काय नाही

शरीराच्या प्रतिकारशक्तीला मोकळे करणाऱ्या इम्युनोथेरपीने पसरलेल्या मेलानोमाच्या उपचारात मोठा बदल घडवला. २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना याच शोधासाठी मिळाले. पण पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब यांच्या पूर्ण मात्रेच्या एकेका डोसचा खर्च लाखाच्या घरात जातो आणि डोस महिनोन्‌महिने चालतात.

इथे मुंबईच्या टाटा मेमोरियलचे संशोधन महत्त्वाचे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोके-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, म्हणजे पूर्ण मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी दिले. वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ही चाचणी त्वचेच्या कॅन्सरवर नव्हती, हे लक्षात ठेवा. तरीही कमी मात्रेचा पर्याय तुमच्या रुग्णाला लागू पडेल का, हा प्रश्न तज्ज्ञाला विचारावा. घर किंवा शेत विकण्याआधी तर नक्कीच विचारावा.

औषध दुकानातही बचत होते. २०१९ मध्ये ४२ कॅन्सर औषधांवरचा नफा ३० टक्क्यांवर बांधला गेला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवरक्षक औषधांवरचा जीएसटी शून्य झाला. ‘अमृत’ या सरकारी सवलतीच्या औषध दुकानात भाव विचारल्याशिवाय महाग औषध घेऊ नका. संशोधनाच्या चाचणीत सामील व्हा असे कोणी सुचवले तर संमतीपत्र मराठीत मागा आणि घरच्यांसमोर वाचून घ्या. चाचणीतले औषध रुग्णाला फुकट मिळायला हवे, आणि नको वाटल्यास कधीही बाहेर पडता येते.

मोबाइलवर फोटो टाकून कॅन्सर ओळखणारी ॲप निघाली आहेत. ती बहुतांश गोऱ्या त्वचेच्या फोटोंवर शिकलेली आहेत. त्यांच्यावर विसंबून “काही नाही” असे ठरवू नका.

पैसे कुठे वाया जातात?

- कुरूप समजून घरीच ब्लेडने कापणे किंवा ॲसिड लावणे. आजार आत राहतो, वरून खूण पुसली जाते.
- छोट्या दवाखान्यात गाठ काढून ती तपासणीला न पाठवता फेकून देणे. काढलेली प्रत्येक गाठ तपासायला जाते, असा आग्रह धरा.
- तोंडी सांगितलेल्या आकड्यावर भरती होणे. खर्चाचा अंदाज लेखी घ्या.
- टाके निघाले की फेरतपासणी सोडून देणे. आजार उलटतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत. या काळात तीन ते सहा महिन्यांनी दाखवत राहा.

निघण्यापूर्वी पिशवीत काय हवे?

रेशनकार्ड, रुग्णाचे आधार, आयुष्मान कार्ड, उत्पन्नाचा दाखला, कुरखेड्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी, जुने सगळे कागद, बायोप्सीचा रिपोर्ट, ठोकळा आणि काचपट्ट्या. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का ते आधीच पाहा, कारण एका अक्षराच्या फरकाने मंजुरी अडते. गोंडी किंवा छत्तीसगडी बोलणाऱ्या आजी-आजोबांसोबत मराठी-हिंदी समजणारे एक माणूस द्या.

घरात कोणाची जखम महिनाभरात भरली नसेल तर येत्या आठवड्यात उपजिल्हा रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: “तुकडा तपासून द्या, किंवा जिथे तपासतात तिथली चिठ्ठी द्या.” एवढे एक वाक्य वेळेत बोलले गेले, तर पुढचा बहुतेक खर्च योजना भरू शकते आणि माणूस बरा होऊन कामाला लागू शकतो.